अंगठ्याचा कोन

माझ्या उजव्या पायाचा अंगठा आता वाकत नाही आणि पुढेही वाकणार नाही. त्याच्या मुळाशी असलेला सांधा डॉक्टरांनी कायमचा जोडून टाकला आहे. आत धातूची एक छोटी पट्टी आहे, तिला स्क्रू आहेत, आणि थंडीच्या दिवसांत सकाळी ती पट्टी माझ्याआधी जागी होते. ज्यांच्यावर हीच वेळ आली आहे किंवा येऊ घातली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आजाराचं शास्त्र मला सांगता येणार नाही. ते डॉक्टर सांगतात, आणि डॉक्टर जे सांगत नाहीत ते शेजारीपाजारी सांगतात. एवढ्याशा अंगठ्याने मला किती घाबरवलं आणि त्यातून मी पुन्हा धावायला कशी लागले, तेवढंच मी सांगणार आहे.

हो, धावायला. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगात सलवार-कुर्ता, ओढणी कमरेला बांधलेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आणखी एक. मी मुळातच तंद्रीत राहणारी बाई आहे. दूध उतू जायला लागतं आणि मी ते वर चढताना बघत उभी असते. सासूबाई म्हणतात, हिचं अर्धं ध्यान घरात, अर्धं रानात. तेव्हा या आठवणींतही थोडं धुकं असेल. दुखणं मात्र अगदी स्वच्छ आठवतं.

*

आम्ही भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये राहतो. माझं माहेर उज्जैनचं. सासर नागपूरकडचं. सासऱ्यांची कचेरी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा ते तिच्याबरोबर इकडे आले, शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिले, आणि त्यांचा मुलगा पुढे कारखान्यात लागला. तो मुलगा म्हणजे श्रीकांत, माझा नवरा. घरात मी त्याला अहो म्हणते. इथे एकेरीत लिहिणार आहे, तेवढी हौस भागवून घेते.

श्रीकांतचं काम मोठमोठ्या यंत्रांचे शाफ्ट एका रेषेत आणायचं. केसभर फरक राहिला तरी यंत्र थरथरतं, म्हणून त्याला सगळंच रेषेत लागतं. भिंतीवरचं कॅलेंडर, दाराबाहेरच्या चपला, ताटातली लिंबाची फोडसुद्धा. माणूस शांत. रागावला तरी कॅलेंडर सरळ करतो.

टाऊनशिप कारखान्याच्या भोंग्यावर उठते आणि भोंग्यावर जेवते. पूर्वी इथे क्वार्टर मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. आता भरती कमी झाली, जुनी माणसं निवृत्त होऊन गेली, आणि आमच्या पलीकडचा अख्खा सेक्टर रिकामा पडला आहे. दारांना कुलपं, खिडक्यांतून आत शिरलेल्या वेली, आणि गेलेल्या माणसांनी लावलेली पेरूची, सीताफळाची झाडं, जी अजून आपापल्या वेळेला फळतात. रस्ते रुंद आणि सरळ. सकाळी तिथे चिटपाखरू नसतं.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला त्या हिवाळ्यात मी तिथे फिरायला जायला लागले. पाण्याच्या टाकीपासून खाली एक लांब उतार आहे. एके दिवशी धुक्यात त्या उतारावर माझे पाय आपोआप पळायला लागले. मी पळवले नाहीत, थांबवलेही नाहीत. शाळेत मी कधी धावले नव्हते. लंगडीच्या खेळात सगळ्यांत आधी बाद व्हायचे. आणि इथे मी माझाच श्वास ऐकत पळत होते, आणि वाटत होतं की ही मी नाहीच, कुणाला तरी पडलेलं स्वप्न आहे. खाली पोहोचले तेव्हा मला रडू आलं. दुःखाने नाही, आनंदाने.

मग ते रोजचंच झालं. घरी 'फिरून येते' एवढंच सांगायचे. टाऊनशिपमध्ये एका घरात फोडणी बसली की दहा घरांत शिंका येतात, तिथे पन्नाशीची बाई पळते म्हटल्यावर काय झालं असतं ते मी सांगायला नको. पण लाज हे अर्धंच कारण होतं. आमच्या घरात कपाटं सगळ्यांच्या वस्तूंनी भरलेली आणि दिवस सगळ्यांच्या वेळांनी. हे एक माझं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती कशाला उघडायची?

*

अंगठा दुखायला लागला तेव्हा टाऊनशिपने एकमुखाने निदान केलं: युरिक ॲसिड. सासूबाईंनी तुरीची डाळ बंद केली. नागपूरकडच्या घरात तुरीचं वरण बंद होणं ही काही लहान गोष्ट नाही. श्रीकांत ताटावर बसला की वाटीकडे बघून एक उसासा सोडायचा आणि मुगाचं वरण मुकाट्याने भातावर घ्यायचा. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड अगदी बेताचं निघालं. सासूबाई म्हणाल्या, डाळ बंद केली म्हणूनच बेताचं आहे.

हळूहळू अंगठ्याच्या मुळाशी वरच्या अंगाला हाडाचा उंचवटा आला. पाऊल टेकवून टाच उचलली की तिथे कळ यायची. धावताना प्रत्येक पावलाला यायची. मी पायाच्या बाहेरच्या कडेवर भार टाकून पळायला लागले, तर गुडघा बोलायला लागला. एका सकाळी उताराच्या मध्येच थांबले आणि कुणाच्या तरी बंद क्वार्टरच्या पायरीवर बसले. बराच वेळ उठताच येईना. लंगडत घरी आले तेव्हा श्रीकांत दारात उभा होता. त्याने लगेच दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

साकेत नगरमधल्या एका लहानशा खासगी इस्पितळात हाडांचे एक डॉक्टर फक्त पायांचंच बघतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही तिघं गेलो. सासूबाई घरी थांबायला तयार नव्हत्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि दोन हाडांच्या मध्ये जिथे काळी फट दिसायला हवी तिथे बोट ठेवलं. फट नव्हती.

"गद्दी पूरी घिस गई है," ते म्हणाले. "हड्डी पे हड्डी चल रही है."

गोळ्या, इंजेक्शनं, कडक तळव्याचे बूट, हे सगळं करून बघता येईल, पण फार दिवस निभणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसरा मार्ग ऑपरेशनचा. सांधा जाम करून टाकायचा. दुखणारी हालचालच उरली नाही की दुखणं उरत नाही.

जाम हा शब्द माझ्या मनाला फार लागला. माझ्या अंगातली एक जागा कायमची थांबणार होती. श्रीकांतला मात्र तो लगेच कळला. किती अंशावर जाम करणार, असं त्याने विचारलं. डॉक्टर खूश झाले. हा प्रश्न त्यांना बहुधा कुणी विचारत नसावं. त्यांनी समजावून सांगितलं की अंगठा जमिनीपासून किंचित उचलून बसवायचा असतो. किती उचलायचा ते माणूस पायात काय घालतो आणि दिवसभर काय करतो यावर ठरतं. आणि एकदा बसवला की बसवला, नंतर त्यात बदल नाही.

मग ते विचारत गेले आणि श्रीकांत माझ्या वतीने उत्तरं देत गेला. बाहेर चप्पल. घरात अनवाणी. जमिनीवर बसणं, पूजा, रांगोळी. उंच टाचा कधीच नाहीत. शेवटी डॉक्टर हसत म्हणाले, "दौड़-वौड़ तो नहीं लगातीं?"

सासूबाईंना हसू फुटलं. "ही कुठची धावते," त्या मराठीत म्हणाल्या. "बसल्या जागी डुलक्या घेऊन राहते."

या प्रश्नाला श्रीकांतने उत्तर दिलं नाही. तो माझ्याकडे बघत होता.

मी मान हलवली. नाही.

*

मी काय करून आले ते मला बाहेर पडतापडताच कळलं होतं. आयुष्यभरासाठी अंगठ्याचा कोन मिळणार होता आणि मी तो चपलेसाठी मागून आले होते. ऑपरेशनला अजून आठवडा होता, फोन करून सांगता आलं असतं. रोज सकाळी ठरवायचे आणि भाजी चिरेपर्यंत धीर सुटायचा. मन तर्क लढवायचं: आता कसलं धावणं, सांधा जाम झाल्यावर कुणी धावतं का, मग उगाच शोभा कशाला करून घ्यायची? आपण किती शहाणपणाने स्वतःला फसवतो ते आजारपणात कळतं. त्या आठवड्यात श्रीकांतने दोनदा विचारलं की डॉक्टरांना काही सांगायचं राहिलंय का. मी म्हटलं, बीपीच्या गोळीचं सांगितलंय.

ऑपरेशनच्या सकाळी जोडवी काढायची होती. अंगावर धातू चालत नाही, असं सिस्टरने बजावलं होतं. उजव्या पायाचं जोडवं सुजेमुळे निघेना. सासूबाई माझ्यासमोर खाली बसल्या, तेल-साबण लावला, आणि माझं पाऊल मांडीवर घेऊन ते हळूहळू फिरवत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पायांना हात लावला होता. मला इतकं ओशाळवाणं झालं की मी खिडकीबाहेर बघत बसले. निघाल्यावर बोटावर पांढरी खूण राहिली. त्यांनी ती हाताच्या अंगठ्याने पुसल्यासारखं केलं, जोडवी आपल्या बटव्यात ठेवली, आणि हळदीत बुडवलेला दोरा माझ्या डाव्या पायाच्या बोटाला बांधला. दोरा धातूचा नाही ना, असं त्यांनीच सिस्टरला विचारलं. सिस्टरने बघून न बघितल्यासारखं केलं.

"पाय जोडून राहिले की तोडून राहिले, मला तेच समजत नाही," स्ट्रेचर निघताना त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता.

*

कमरेत सुई दिली आणि थोड्या वेळात पाय माझे राहिले नाहीत. कुणीतरी ते उचलले, ठेवले, आणि मी ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे बघत होते. सलाइनमधून थोडं गुंगीचं औषध सोडलं. छातीपुढे हिरवा पडदा लावला. पलीकडून सुतारकामासारखे आवाज यायला लागले. भीती वाटायला हवी होती, पण वाटत नव्हती. वरच्या मोठ्या दिव्याभोवती धुकं जमत होतं.

धुक्यात रिकामा सेक्टर दिसायला लागला. सगळ्या क्वार्टरांची दारं उघडी होती. आत बायका होत्या. कुणी तांदूळ निवडत होती, कुणी मुलीची वेणी घालत होती, एक जण जिन्यावर बसून केस वाळवत होती. मी रस्त्याच्या मधून पळत होते आणि कुणीही मान वर करून बघत नव्हती. त्यांना माहीतच होतं. मला वाटलं, अगबाई, यात एवढं काय होतं?

तेवढ्यात डॉक्टरांचा आवाज आला. ते एक सपाट प्लेट मागत होते. "फ़र्श देख लेते हैं," ते कुणाला तरी म्हणाले. अंगठा आधी तात्पुरत्या वायरने धरतात आणि तळव्याला ती प्लेट टेकवून तो जमिनीला कसा लागेल ते बघतात, हे मला नंतर समजलं. पण त्या क्षणी, पायाला काहीही कळत नसताना, मला पक्कं कळलं की माझी जमीन आत्ता ठरते आहे.

मी म्हटलं, "डॉक्टर साहब, मैं दौड़ती हूँ."

किंवा मी म्हटलं असं मला वाटलं. त्यानंतर पडद्यापलीकडे सगळे गप्प झाले की मलाच झोप लागली, ते सांगता येणार नाही. कुणाचा तरी थंड हात कपाळावर आला. मग काही नाही.

*

शुद्धीवर आल्यावर मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. श्रीकांत नेहमीसारखाच होता. सासूबाई जप करत होत्या. डॉक्टर आले, पट्टी बघितली, सगळं चांगलं झालं म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी विचारू शकले असते. पण श्रीकांत तिथेच स्टुलावर बसला होता. बोलले असेन तर गुपित फुटलं होतं, नसेन तर धावणं संपलं होतं, आणि दोन्हीपैकी एकही ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी डोळे मिटून घेतले. तंद्रीत राहणाऱ्या माणसाला ही एक मोठी सोय असते.

इस्पितळातले दिवस लांबलचक आणि मऊ होते. सकाळी थर्मामीटर, मग पुसून घेणं, मग पातळ चहा, मग पायाच्या बोटांना रंग आहे ना ते बघायला कुणीतरी. दुपारी सगळा वॉर्ड पेंगत असे. तिथली आया रोज माझी खाट खिडकीकडे थोडी सरकवायची, म्हणजे चांगल्या पायावर ऊन येई. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. अशा वेळी माणसं जे न मागता देतात ते नंतर फार दिवस पुरतं.

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला. फक्त टाचेवर भार द्यायचा, वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायचं, एरवी पाय उशीवर उंच. मी, जिने कधी कुणाला पाण्याचा पेला मागितला नव्हता, हाका मारत बसले. श्रीकांत कारखान्यातून आला की आधी व्हर्नियरची मापपट्टी घेऊन माझ्या पायाची सूज मोजायचा. मला हसू यायचं आणि रागही. माझा पाय म्हणजे काय शाफ्ट आहे, असं एकदा बोलले. तो म्हणाला, शाफ्ट असता तर एवढी काळजी वाटली नसती, आणि पुन्हा मापायला लागला.

सासूबाई ऐंशीच्या घरात. सगळा स्वयंपाक त्यांच्यावर आला. आधी उत्साहाने केलं, मग त्या थकल्या. एके दिवशी मी चहा गार असल्याचं म्हटलं आणि त्यांनी हातातलं फडकं खाली आपटलं. "मी म्हातारी उभी राहून करू आणि तू पाय वर करून बसून राहा," त्या म्हणाल्या. मला ते अगदी खरं वाटलं. दोघीही दोन खोल्यांत रडलो. संध्याकाळी ताट आलं त्यात तुरीचं वरण होतं, वर तुपाची धार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी दोनदा मागून घेतलं.

मुलाचा पुण्याहून फोन यायचा. तो म्हणायचा, आई, चालता आलं म्हणजे झालं, आता वय आहे का धावपळीचं? त्याला धावपळ म्हणजे स्वयंपाकघर आणि बाजार अभिप्रेत होता. तरी मी त्या दिवशी फोन लवकर ठेवला.

दुपारी जेवणाचा भोंगा झाला की मला झोप लागायची. त्या झोपेत मी भरपूर धावले. कधी शाळेच्या व्हरांड्यातून, कधी इस्पितळाच्या बोळातून, वॉकर हातात घेऊनसुद्धा. जाग आली की पाय उशीवर असायचा आणि बोटं बधिर. सगळ्यांत वाईट भीती तेव्हा असते. हाड जुळलंच नाही तर? जुळलं आणि भलतंच जुळलं असेल तर? ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना सांगते, ही भीती येतेच. ती आली म्हणून काही बिघडलंय असं समजू नका. आणि सूज महिनोन्‌महिने राहते. शेजारणीच्या मामेबहिणीची लवकर उतरली म्हणून आपला जीव टांगणीला लावू नका.

मग वॉकर सुटला. जाड, पुढून वर वळलेल्या तळव्याचे बूट आले. पहिल्या दिवशी मी अंगणात चालले तर पाय उसना आणल्यासारखा वाटला. अंगठा ढकलत नव्हता, तर बूटच पाऊल पुढे लोटत होता. रोज थोडं जास्त चालायचे. टाऊनशिपमधल्या ओळखीच्या बायका म्हणायच्या, चला, सुटलीस, आता आराम. मी मान डोलवायचे. मान डोलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पण धावून बघायची हिंमत होत नव्हती. अंगठा कशासाठी बसवला आहे ते अजून मला माहीत नव्हतं, आणि पहिल्याच पावलाला ते कळलं असतं.

*

शेवटच्या तपासणीला आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघितला. हाड पूर्ण जुळलं होतं. त्यांनी माझा पाय हातात घेऊन सगळीकडून बघितला, मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले की आता हळूहळू सुरू करायला हरकत नाही.

काय सुरू करायला, असं मी विचारलं.

"दौड़ना," ते म्हणाले. "उसी के लिए तो वायर निकालके दोबारा बिठाया था. टेबल पे आपने इतना साफ़ बोला कि हम सब रुक गए."

मला श्रीकांतकडे बघवेना. तो शांतपणे चष्मा पुसत होता. मग त्याने विचारलं की कोन किती अंशांनी वाढवला. डॉक्टरांनी सांगितलं. त्याने मान हलवली, आभार मानले आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

गाडीत मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होते: सांगणारच होते, तसं काही विशेष नाही, थोडंसंच. टाऊनशिपचं गेट आलं. घराकडचं वळण आलं आणि गेलं. त्याने गाडी सरळ नेली, मग रिकाम्या सेक्टरच्या रस्त्याला वळवली आणि पाण्याच्या टाकीखाली, उताराच्या तोंडाशी उभी केली. इंजिन बंद केलं.

"इथूनच ना?" त्याने विचारलं.

ही जागा मी त्याला कधीच सांगितली नव्हती.

कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं तर तो म्हणाला, पहिल्याच हिवाळ्यात. एकदा खूप धुकं होतं, मी स्वेटर विसरून गेले होते, तो द्यायला आला होता. त्याने मला खाली जाताना बघितलं आणि स्वेटर घेऊन परत गेला. एवढी वर्षं तो रोज 'फिरून आलीस?' असं विचारायचा आणि मी हो म्हणायचे.

मग मला खरंच राग आला. इतके दिवस साठलेली सगळी भीती त्या रागात उतरली. "तुम्हाला माहीत होतं तर डॉक्टरांना का नाही सांगितलंत? तुमच्या एका शब्दाचं काम होतं. मी नसते बोलले तर?"

त्याने स्टिअरिंगवर ठेवलेल्या हातांकडे बघितलं. "ते तुझं होतं," तो म्हणाला. "मी कसं सांगणार? पण तू आत गेल्यावर बाहेर बाकावर बसून तेवढंच म्हणत होतो, बोल बाई, बोल."

मी रडत होते. त्याने रुमाल दिला. मग हात लांब करून माझ्या बाजूचं दार उघडलं.

दुपार होती. धुकं नव्हतं, सगळं लख्ख दिसत होतं. बंद क्वार्टरं, तडे गेलेला रस्ता, श्रीकांतची सावली, माझी सावली. कुणीतरी बघत असताना धावायची मला सवय नव्हती. मी ओढणी कमरेला बांधली. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला ते धावणं झालं. अंगठा वाकला नाही. पाऊल टाचेवरून पुढे गडगडत गेलं आणि सुटलं. डाव्या पायाचा आवाज वेगळा, उजव्याचा वेगळा, ताल सगळा वाकडा. श्रीकांतला ते रेषेत नसलेलं नक्की खटकलं असणार. पण कळ आली नाही. मी पुढच्या पावलाला तिची वाट बघितली, त्याच्या पुढच्यालाही, आणि ती आली नाही.

डॉक्टरांनी थोडं चाला, थोडं धावा असं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुम्ही ऐका.

खाली पोहोचून मी वळले. या उतारावरून मी नेहमी चालतच वर यायचे. वर घर होतं, आणि घरी परतायची मला कधी घाई नसे. त्या दिवशी वर गाडीला टेकून तो उभा होता, डोळ्यांवर उन्हासाठी हात धरून. मी तो चढ धावत चढले.